मागणे आपले, कौल देवाचा?

पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली सुमारे अडीच लाख हेक्टर शेती भिजवण्याचा हा प्रकल्प. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या धानकऱ्याला त्या पाण्याने वेळेवर रोवणी मिळते. बुडीत क्षेत्रातल्या माणसाला त्याच पाण्यापायी घर, बांधी आणि गावदेवीचे ठाणे सोडून नव्या गावठाणात जावे लागते. दोघांनी एकाच देवापुढे हात जोडले, तर एकाचा नवस फळणे म्हणजे दुसऱ्याचा वाया जाणे. आणि फळलेला म्हणतो, देवाने कौल दिला; न फळलेला म्हणतो, देव परीक्षा पाहतो आहे. दोन्ही अर्थ लावते ती ज्याची त्याची इच्छा. अमेरिकेच्या यादवीच्या अखेरीस, 1865 मध्ये, अब्राहम लिंकन यांनीही हेच दाखवून दिले होते: दोन्ही बाजू एकाच देवाला एकमेकांविरुद्ध साकडे घालतात, आणि दोघांचेही मागणे पुरे होणे शक्य नसते. म्हणून माझे म्हणणे असे, की इच्छा प्रार्थनेत असावी, पण ईश्वराचा निर्णय म्हणून तिला उभे करू नये.

यावर कुणी म्हणेल, मग निरिच्छ होऊनच देवळात जावे काय? तशी अट घातली तर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला देवाचे दार बंद होईल. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत संकटात सापडलेला आहे आणि काही हवे म्हणून आलेलाही आहे. ज्ञानी भक्ताला तिथे सर्वांत जवळचे मानले असले, तरी उरलेल्या तिघांनाही थोर म्हटले आहे. मागण्यात कमीपणा नाही. दोष सुरू होतो तो मागणाऱ्याने न्यायाधीशही व्हायचे ठरवले की.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: जे घडले ती देवाचीच इच्छा, मग धरणही त्याच्याच इच्छेने झाले. हे वाक्य स्वतःच्या दुःखाला धीर देण्यासाठी कुणी उच्चारले, तर त्याचा मान राखावा. पण ज्याला पाणी मिळाले त्याने ते विस्थापिताला ऐकवले, की त्याचा अर्थ पालटतो. धरणाची जागा, मोबदला, पुनर्वसन हे माणसांचे निर्णय आहेत. त्यांवर माणसांच्या सह्या आहेत. त्यांना ईश्वरेच्छा म्हणणे म्हणजे चुका सुधारण्याच्या जबाबदारीतून हात काढून घेणे. अशा ठिकाणी भक्तीच्या भाषेत स्वार्थ बोलतो.

मग इच्छा पारखायची कशी? ज्ञानेश्वरांच्या पसायदानाचा क्रम पाहावा. ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असे तिथे मोकळेपणाने मागितले आहे. पण दुष्टांचा दुष्टपणा जावो आणि जीवांमध्ये परस्पर मैत्री जडो, हे मागणे त्याच्या आधी येते. मैत्रीनंतर मागितलेली इच्छा दुसऱ्याच्या नाशावर उभी राहत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भात रुजवलेल्या सामुदायिक प्रार्थनेचे बळही मला इथेच दिसते: शेजारी बसलेल्या माणसाला विसरून तिथे मागता येत नाही. म्हणून कसोटी एवढीच, की आपल्या मागण्याची झळ ज्याला बसेल, त्याच्यासमोर तेच मागणे मोठ्याने म्हणता येईल का? येत असेल, तर निःसंकोच मागावे. येत नसेल, तर देवाची इच्छा काय, हे विचारण्याआधी त्या माणसाचे देणे फेडावे. गोसीखुर्दचे पाणी ज्याच्या बांधीत पोचले, त्याने आपल्या प्रार्थनेत बुडालेल्या गावांचे नाव घ्यावे आणि त्यांच्या हक्कासाठी त्यांच्या बाजूने उभे राहावे.