पायरी ओळखून

सामुराई म्हटला की डोळ्यांपुढे येतात कमरेच्या दोन तलवारी आणि मरणाला न भिणारा एक ताठ माणूस. पण 1615 साली ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यानंतर, शिमाबाराचा उठाव सोडला तर, जपानमध्ये सुमारे अडीचशे वर्षे मोठी लढाई झालीच नाही. सामुराईंच्या कितीतरी पिढ्या तलवार बांधून वावरल्या आणि रणांगण न पाहताच गेल्या. त्यांचे रोजचे जगणे ठरवले ते पायरीने. कोणाला किती तांदूळ मिळायचा, कोणी कोणाच्या घरी सोयरीक करायची, रस्त्यात कोण समोर आल्यावर किती वाकायचे, हे सारे जन्माबरोबरच ठरून येई. सामुराईंचा विचार करताना मला त्यांच्या युद्धांपेक्षा ही शांततेची वर्षे जास्त अस्वस्थ करतात.

ही उतरंड घट्ट बसवायला सुरुवात केली ती खालून वर आलेल्या एका माणसाने. टोयोटोमी हिदेयोशी हा ओवारी प्रांतातल्या नाकामुरा गावचा, अगदी साध्या घरातला मुलगा. त्या काळचा बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्या पदरी पडेल ते काम करत, हुशारीच्या बळावर तो सरदार झाला आणि नोबुनागाच्या मृत्यूनंतर साऱ्या जपानचा सूत्रधार. त्या धामधुमीच्या काळात हे शक्य होते. भाला पेलणारा शेतकरी उद्या सरदार होऊ शकत होता. हिदेयोशीने काय केले? 1588 मध्ये त्याने शेतकऱ्यांची शस्त्रे गोळा करण्याचा हुकूम काढला. या लोखंडातून क्योटोच्या भव्य बुद्धमूर्तीच्या कामाला लागणारे खिळे बनतील आणि तुमचे इहलोकी-परलोकी भले होईल, असे त्यांना सांगण्यात आले. 1591 मध्ये दुसरा हुकूम निघाला : सैनिकाने शेतकरी किंवा व्यापारी व्हायचे नाही, शेतकऱ्याने शेती सोडून धंद्याला लागायचे नाही. ज्या वाटेने तो स्वतः वर आला, ती वाट त्याने आपल्या हाताने बुजवली. शेतकऱ्याच्या पोराच्या हातात शस्त्र आले तर तो कुठवर पोहोचू शकतो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

पुढे तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, हीच चौकट पक्की केली. सामुराई आणि त्यांची कुटुंबे मिळून लोकसंख्येच्या शंभरात सहा-सात. बाकी सारे त्यांच्या खाली. पण त्या सहा-सातांतही किती थर! मोजमाप होते तांदळाचे. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, सुमारे 150 किलो. ज्याच्या मुलखाचे उत्पन्न दहा हजार कोकुंच्या वर, तो दाइम्यो. तळाच्या सामुराईला मात्र इतका थोडा तांदूळ मिळे की घरात छत्र्या बांधण्यासारखी कामे करून चूल पेटवावी लागे. कमरेला तलवार, हातात छत्रीच्या काड्या आणि सावकाराचे कर्ज.

या जगण्याचे अतिशय प्रामाणिक वर्णन फुकुझावा युकिची यांनी लिहून ठेवले आहे. 1835 साली जन्मलेले फुकुझावा हे क्यूशू बेटावरच्या नाकात्सु संस्थानातल्या कनिष्ठ सामुराईचे चिरंजीव. पुढे ते जपानमधले मोठे शिक्षणतज्ज्ञ आणि लेखक झाले, आणि 1984 पासून चाळीस वर्षे दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र होते. नाकात्सुत सामुराईंचे दोन गट होते, वरिष्ठ आणि कनिष्ठ. कनिष्ठाने कितीही विद्या मिळवली, कितीही चोख चाकरी केली, तरी वरिष्ठांत त्याला प्रवेश नाही. त्यांच्यात लग्ने होत नसत. बोलण्याची ढब ऐकूनही माणूस कोणत्या गटातला ते कळे. अगदी तळाच्या पायदळ सैनिकाला भर पावसात वरिष्ठ सामुराई भेटला, तर पायातल्या खडावा काढून रस्त्याच्या कडेला लोटांगण घालावे लागे. मुलांच्या खेळातही हेच. अभ्यासात आणि अंगबळात आपण सरस असूनही वरिष्ठांच्या मुलांशी अदबीने बोलावे लागे, याची चीड फुकुझावांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.

त्यांचे वडील विद्वान होते. पुस्तकांत रमणाऱ्या या माणसाला ओसाकाच्या सावकारांशी संस्थानाच्या कर्जाचे हिशेब करण्यात आयुष्य घालवावे लागले. धाकट्या मुलाला भिक्षू करायचे, असे ते घरात बोलून दाखवत. युकिची अगदी तान्हे असतानाच ते वारले. भिक्षू का, याचा उलगडा मुलाला पुष्कळ उशिरा झाला : मठ ही अशी एकच जागा होती जिथे साध्या घरातला मुलगा वर जाऊ शकत होता. वडिलांच्या मनातली ही घुसमट कळल्यावर फुकुझावा एकांतात रडत असत. घराण्यावरून माणूस मोजणारी ही व्यवस्था त्यांना आपल्या पित्याची वैरी वाटे.

शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने आलेल्या मेइजी राजवटीत ही इमारत पाहता पाहता ढासळली. 1871 मध्ये बहिष्कृत समाजांचा हीन दर्जा कायद्याने संपला, 1873 मध्ये सक्तीची सैन्यभरती आली, 1876 मध्ये तलवार बाळगण्याचा हक्क आणि पिढीजात तनखा दोन्ही गेले. 1877 मध्ये सरकारविरुद्ध उठलेल्या साइगो ताकामोरीच्या सामुराईंना हरवले ते भरतीतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांचा भरणा असलेल्या सरकारी फौजेने. पीडित वर आला, असे वाटावे अशी ही घडामोड आहे.

पण 1871 च्या त्या आज्ञेनंतर काय झाले, तेही पाहायला हवे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे करणाऱ्यांना जपानमध्ये अपवित्र मानत. सामुराईच्या चिलखतालाही त्यांनीच कमावलेले कातडे लागे. ते कातडे छातीवर चालत होते, कमावणारा माणूस उंबऱ्यात चालत नव्हता. ही माणसे आता कायद्याने इतरांच्या बरोबरीची झाली. 1873 मध्ये मिमासाका भागात शेतकऱ्यांनी उठाव केला. राग सैन्यभरतीवर होता, नव्या सरकारच्या कारभारावर होता, आणि या बरोबरीवरही होता. पूर्वीसारखेच नमून वागू, असे लिहून द्या, अशी जबरदस्ती या वस्त्यांवर झाली. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. मारणारे कोण? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामुराईपुढे मान खाली घातली होती, तेच.

हिदेयोशी आणि मिमासाकाचे शेतकरी यांच्यामध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर आहे, तरी मला ते एकाच जागी उभे दिसतात. वरच्याचा जाच सोसला की खालच्याविषयी कळवळा आपोआप येतो, असे आपण धरून चालतो. तो तसा येत नाही. वरच्या पायरीचा राग मनात असला तरी पायाखालची पायरी सोडवत नाही.

फुकुझावांच्या आईविषयीचा मजकूर म्हणूनच मला इतका मोलाचा वाटतो. नाकात्सुत एक भिकारीण होती, अंगावर चिंध्या, केसांत उवा. समाजाने टाकलेल्या माणसांशीही बोलणारी, मिसळणारी ही आई हवा चांगली असली की तिला अंगणात बोलावून गवतावर बसवी, बाह्या सावरून तिच्या उवा काढी आणि त्या दगडावर ठेचायला छोट्या युकिचीला हाक मारी. आईला त्यात आनंद वाटे. मुलाला मात्र किळस येई आणि म्हातारपणी ते आठवतानाही मळमळते, असे त्यांनी कबूल केले आहे. घराणेशाहीशी जन्मभर भांडलेल्या मुलाला जे जमले नाही, ते कनिष्ठ सामुराईच्या या विधवेला सहज जमत होते. उवा काढून झाल्या की ती भिकारणीला जेवू घाली. ते जेवण भीक नव्हती. उवा काढू दिल्याबद्दलचे ते बक्षीस होते.