मैत्री आधी, सेवा नंतर

सेवा करायची म्हणून माणसे एकत्र येतात, हा समज सोयीचा असला तरी इतिहास त्याला फारशी साक्ष देत नाही. बहुधा माणसे आधी एकमेकांना भेटू लागतात आणि मग त्या भेटण्याला काही काम लागते. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती जमले, तेव्हा परस्परांची ओळख आणि परस्परांचा धंदा यापलीकडे त्यांच्या डोक्यात फारसे काही नव्हते. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून त्यांच्या रोटरी क्लबने खटपट सुरू केली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींची परंपरा याहून जुनी. रूढ इतिहासाप्रमाणे १७१७ मध्ये लंडनच्या एका मद्यगृहात त्यांची ग्रँड लॉज स्थापन झाली. त्यांच्या दीक्षाविधीत उमेदवाराजवळचे पैसे आणि धातूच्या वस्तू आधी काढून घेतात आणि मग त्याच्याचकडे दान मागतात. द्यायला हातात काही नसण्याची अडचण त्याला जन्मभर आठवावी, हा त्यामागचा हेतू. बंद दाराआड झग्या-पट्ट्यांचा खेळ चालतो म्हणून लोकांनी लॉजच्या, म्हणजे त्यांच्या शाखेच्या, इमारतीला ‘जादूघर’ म्हटले. पण दान देण्याआधी माणसाला क्षणभर याचक करणारा हा विधी आपल्या चेक-वाटप समारंभांपेक्षा कितीतरी शहाणा आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत आधी मैत्री, मग सेवा हा क्रम नीट ध्यानात घ्यायला हवा. १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला रेल्वे आली. पुढे या गावांचा दिवसच लोकलच्या वेळापत्रकाने बांधला गेला. सकाळी घर सोडून रात्री परतणाऱ्या माणसाला शेजारी ओळखायला रविवारच उरतो. गाडीतला ग्रुप जिवाभावाचा असतो हे खरे, पण फलाटावर उतरला की तो विखुरतो. अशा ठिकाणी तुटवडा पैशाचा कमी आणि सवयीने एकत्र बसण्याचा जास्त. रोटरी, लायन्स किंवा मेसॉनिक लॉज यांची खरी कमाई ठराविक वारी ठराविक वेळी भेटण्याची शिस्त ही आहे. रक्तदान शिबिर किंवा वह्यावाटप हे त्यातून उगवते. पोलिओचे उदाहरण घ्या. रोटरीने १९८५ मध्ये ती मोहीम जगभर हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळाले. लस सरकारची, राबवणूक आरोग्यसेविकांची, हे विसरून चालणार नाही. पण पाव शतकाहून अधिक काळ एकच काम कंटाळा न येता धरून ठेवायला एका दिवसाचा उत्साह पुरत नाही. आठवड्याला तोंड दाखवावे लागणारी मित्रमंडळी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: या मंडळींच्या जेवणावळींचा खर्च दानापेक्षा जास्त. पुष्कळदा ते खरेही असेल. पण लोकांकडून गोळा केलेल्या पैशाचा प्रश्न असेल तर १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावाच लागतो. स्वतःच्या वर्गणीतून कोणी जेवत असेल, तर त्याला जाब विचारण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही. गुप्ततेचा आक्षेपही मी फारसा मानत नाही. सभेत धर्म आणि राजकारण बोलायचे नाही, हा मेसनांचा दंडक आणि भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता यांचे एकाच ठिकाणी असणे, यांपुढे खुणेच्या हस्तांदोलनाचे गूढ किरकोळ ठरते.

अवघड आक्षेप दाराचा आहे. मैत्रीतूनच सेवा निघत असेल, तर मैत्री कुणाशी होते यावर सेवेची दिशा ठरणार. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला लॉजमध्ये प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी १८४० मध्ये पॅरिसला दीक्षा घेतली. १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही हिंदी लोकांना घेणारी लॉज काढली, तेव्हा कुठे हे दार किलकिले झाले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना हिंदू म्हणून दारात थांबवले गेले; त्यांना १८७२ उजाडावे लागले. विश्वबंधुत्वाच्या घोषणेखाली हे सगळे चालले होते, आणि स्त्रियांसाठी मुख्य प्रवाहातल्या मेसनांचे दार आजही उघडलेले नाही. रोटरीलाही स्त्रियांना सभासद करून घ्यायला १९८९ पर्यंत थांबावे लागले, आणि त्याआधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

याच दाराची आपल्याकडची आवृत्ती जातीची आणि वर्गाची आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, डोंबिवलीचे गणेश मंदिर संस्थान १९२४चे. मध्यमवर्गाने उभारलेल्या या संस्थांचे ऋण मोठे आहे. पण १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत घेतलेली, २००२ मध्ये वगळलेली आणि २०१५ मध्ये पुन्हा जोडलेली भोवतालची २७ गावे, तिथले आगरी कुटुंब, एमआयडीसीतला कामगार, हे सेवाक्लबांच्या छायाचित्रांत घेणारे म्हणून दिसतात, सभासद म्हणून क्वचितच. वर्षानुवर्षे एकाच वस्तीला वह्या देऊन तिथला एकही माणूस आपल्या टेबलाशी बसत नसेल, तर ती सेवा टिकाऊ असेल, बंधुभाव मात्र नव्हे.

दार सताड उघडले तर आपुलकी विरते, असे यावर म्हणतील. ओळखीशिवाय विश्वास नाही, हे मला मान्यच आहे. पण ओळख वाढवण्याला कुणी मज्जाव केलेला नाही. रोटरीने सुरुवातीला एका व्यवसायाचा एकच सभासद हा नियम केला, तेव्हा स्पर्धक टळले आणि टेबलाभोवती वेगवेगळे अनुभवही आले. तीच युक्ती इथे चालेल: दरवर्षी काही जागा रिक्षाचालक, घरकामगार संघटनेची कार्यकर्ती, आगरी गावातला शिक्षक यांच्यासाठी, वर्गणी हप्त्याने, सभेची भाषा मराठी, आणि बैठक हॉटेलऐवजी महापालिकेच्या शाळेत, रविवारी सकाळी.