अडेल जनावर आणि दोरी धरणारा हात

घोड्याच्या शिंगराला लांब दोरीवर गोल फिरवताना, किंवा आपल्या आर्वी-कारंजाकडील गवळाऊ गोऱ्ह्याच्या मानेवर प्रथमच जू ठेवताना, ते एकाएकी अडते, उधळते, लाथ झाडते. चार लोक पाहत असले की आपला हात चाबकाकडे अधिकच लवकर जातो. वाचकहो, तो फटका शिस्तीचा असतो की सुडाचा?

शरीअतमध्ये दोष लागतो तो मुकल्लफाला, म्हणजे ज्याच्यावर कर्तव्याची जबाबदारी आहे त्याला. जनावर मुकल्लफ नाही. ते भ्यालेले असते, कुठे पट्टा काचत असतो, किंवा आपला इशाराच त्याला कळलेला नसतो. मग शिक्षा कशाची? लाथेपासून दूर होणे, दोरी आवरणे हा बंदोबस्त झाला, तो करावाच. पण ओढाताण न करता वाट पाहावी आणि एक पाऊल नीट पडताच दोरी सैल सोडावी. जनावर त्या सैल दोरीतून शिकते. उशिरा मारलेला फटका कशाबद्दल होता, हे त्याला कधीच कळत नाही.

‘सहीह मुस्लिम’मध्ये एक प्रसंग आहे. हजरत आयेशा (रजि.) एका हट्टी उंटावर बसल्या आणि त्याला पुढेमागे वळवू लागल्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सौम्यतेने घेण्यास सांगितले. अडला होता उंट. समज मिळाली स्वाराला! जनावराच्या तोंडावर मारणे तर प्रेषितांनी (स.) मनाच केले आहे. (खिळ्याची तुतारी आपल्या देशाच्या कायद्यातही १९६५ पासून वर्ज्य आहे, हे जाता जाता.)

स्वार होताना आपण जी दुआ म्हणतो, ती सूरह जुखरुफमधील आहे. हे वाहन आपल्या बळाने ताब्यात आलेले नाही, अशी तिच्यात कबुली आहे. ती म्हणून झाल्यावर लगेच चाबूक उचलताना जीभ अडखळायला हवी.