धावपट्टी : उपकार की ऋण?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागात, ऑल्बनी नदी जेम्स उपसागराला मिळते त्या सखल, दलदलीच्या पट्ट्यात काशेचेवान ही क्री आदिवासींची वस्ती आहे. तिथे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात सगळे गोठले की काही आठवडे बर्फावरून गाड्या जातात, उन्हाळ्यात मालाची बार्ज येते. एरवी सगळी भिस्त खडीच्या एका धावपट्टीवर. ताजे दूध, टपाल, औषधे, दवाखान्यात न्यायचा रोगी, बाहेर मेलेल्याची शवपेटी, सगळ्यांची वाट तीच. अशा धावपट्ट्या तिथले प्रांत सरकार चालवते, आणि नफातोट्याच्या हिशेबात त्या कधीच बसणार नाहीत. मूठभर माणसांसाठी समाजाने एवढा खर्च का सोसावा, या प्रश्नाला सहसा ‘माणुसकी म्हणून’ असे उत्तर दिले जाते. ते उदार वाटले तरी अपुरे आहे. ही धावपट्टी दान नसून ऋणाचा हप्ता आहे, असे मला वाटते. दात्याला परिस्थितीप्रमाणे हात आखडता घेता येतो आणि वर आभाराची अपेक्षाही ठेवता येते. ऋणकोला यातले काहीच करता येत नाही.

ऋण म्हणायला आधार आहे. 1905 साली ऑगस्टमध्ये जवळच्याच फोर्ट ऑल्बनीला सरकारी आयुक्तांनी ‘करार क्र. 9’वर इथल्या लोकांच्या सह्या घेतल्या. सरकारच्या वाचनाप्रमाणे त्या सह्यांनी जमिनीवरचा हक्क शासनाकडे गेला. मोबदला म्हणून माणशी एकदा 8 डॉलर आणि पुढे दरवर्षी 4 डॉलर ठरले; तो आकडा आजही 4च आहे. पूर्वीसारखी शिकार आणि मासेमारी चालू राहील, असे तोंडी सांगितले गेल्याचे प्रांताच्याच आयुक्ताच्या, मॅकमार्टिनच्या, रोजनिशीवरून दिसते. लेखी मजकुरात मात्र त्या हक्काला सरकारी नियमांचे कुंपण आहे. भटकत्या शिकारी जीवनाच्या जागी राखीव जमिनीवरची कायमची वस्ती आली. काशेचेवान तर 1950च्या दशकात पूररेषेत वसले, आणि आता वसंतात नदीतला बर्फ फुटला की पुराच्या भीतीने माणसे विमानात घालून दूरच्या शहरांत हलवावी लागतात. उंचावर स्थलांतर करण्याच्या करारावर सह्या झाल्या त्या 2019 साली.

यावर पहिला आक्षेप निवडीचा. रोनाल्ड ड्वॉर्किन या तत्त्वज्ञाने 1981मध्ये विचारले होते, की एखाद्याने खर्चिक आवड जोपासली तर तिची भरपाई इतरांनी का करावी? दूर राहणे हीही अशीच आवड, शहरात या, स्वस्त पडेल, असे म्हणता येईल. पण आवड म्हणायला आधी निवड हवी. वस्तीची जागा आणि तिच्या सीमा ज्यांनी ठरवल्या नाहीत, त्यांच्यावर निवडीची जबाबदारी ढकलणे हा कांगावा झाला. शिवाय वसंतातली हंसांची शिकार, पूर्वजांची थडगी आणि मुलांच्या तोंडची भाषा यांचे बिऱ्हाड शहरातल्या खोलीत हलवता येत नाही. दूरपणाची ही तक्रारसुद्धा सोयीने होते. याच दलदलीत अटावापिस्काट या वस्तीच्या पश्चिमेला 2008 ते 2019 या काळात व्हिक्टर ही हिऱ्यांची खाण चालली. कामगार विमानाने जात-येत, तेव्हा इतक्या आडजागी जायचेच कशाला, असे कोणी विचारले नाही. हिरे जिथे सापडतात तिथेच काढावे लागतात, हे सगळ्यांना पटते. माणसांचे मूळही एखाद्या जागेत असू शकते, हे पटवून द्यावे लागते.

दुसरा आक्षेप असा, की 1905चा करार आजच्या करदात्याने केलेला नाही. आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. तैत्तिरीय संहितेतली तीन ऋणे कुणी सही करून घेतलेली नाहीत. ती जन्माबरोबरच येतात, कारण आधीच्यांनी निर्माण केलेल्यावरच माणूस उभा असतो. उत्तरेतले लाकूड, खनिजे आणि नद्यांची वीज यांवर उभी राहिलेली समृद्धी ज्याला वारशात मिळाली, त्याला तिच्यावरचा बोजा नाकारता येत नाही. इस्टेट घ्यायची आणि कर्ज नाकारायचे, हे साध्या घरगुती वाटणीतही चालत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो वस्तीच्या बाजूनेच येतो. विमानाने काय आणले यापेक्षा काय नेले ते पाहा, असे तो म्हणतो. उत्तरेतल्या कितीतरी मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी निवासी शाळांत नेले ते विमानानेच. आजही गरोदर बाईला दिवस भरत आले की दूरच्या रुग्णालयाच्या गावी जाऊन आठवडेच्या आठवडे कळांची वाट पाहत बसावे लागते. सोबतीच्या माणसाचा प्रवासखर्च केंद्र सरकार सरसकट देऊ लागले ते 2017 साली. विमान आहे म्हणून प्रसूतिगृह नाही, विमान आहे म्हणून पुराचा कायमचा बंदोबस्त नाही, असे चालत असेल तर धावपट्टी ही ऋण टाळायची युक्तीच ठरते. हा आक्षेप मी मान्य करतो. मात्र त्यातून धावपट्टी नको असे निघत नाही. ती बंद केली तर आधी मरेल तो रोगीच, आणि हिवाळे उबदार होऊन बर्फाचा रस्ता बेभरवशाचा होत असताना तिची गरज वाढणारच. निघते ते एवढेच, की फेऱ्या किती झाल्या यावर परतफेड मोजता येणार नाही.

ती मोजायची तर विमानात बसणाऱ्यांपैकी किती जण मर्जीने बसले, हे पाहावे लागेल. बाजाराला, लग्नाला, शिकायला निघालेला प्रवासी स्वतंत्र आहे. पिण्याच्या पाण्यापायी, पुरापायी किंवा बाळंतपणापायी उचलून नेलेला नाही. राहण्याची आणि जाण्याची मोकळीक ही एकच मोकळीक आहे, आणि करारात जमीन घेणाऱ्यांकडे तीच थकली आहे. म्हणून अर्थसंकल्पात धावपट्टीच्या खर्चाशेजारीच गावातल्या सुइणीचा, पिण्याच्या पाण्याचा आणि उंचावरच्या घरांचा खर्च मांडला पाहिजे. तो मांडला जात नाही तोवर धावपट्टी कितीही चोख राखली, तरी फिटते आहे ते फक्त व्याज.