कुणाचं देणं नाही

पितृपंधरवड्यातली गोष्ट. शाळा सुटून मी घरी येऊन टेकलो होतो, तोच माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील दारात उभे राहिले. शिरूरपासून दहा-बारा किलोमीटरवर घोडनदीच्या काठी त्यांची तीन एकर जमीन आहे. वहाणा बाहेर काढून ते सतरंजीवर बसले, पाणी प्याले, पावसाबद्दल चार शब्द बोलले, आणि मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"सर, हे जरा वाचा. मी वाचलंय, पण तुम्ही वाचा."

मुलाचा निरोप होता. तो गेल्या ऑगस्टात काशीला, बनारस हिंदू विद्यापीठात दाखल झाला. वडिलांनी महिन्याच्या खर्चाला पाठवलेले ३००० रुपये त्याने परत पाठवले होते. खाली लिहिले होते, 'दादा, पैसे पाठवू नका. मला दोन शिकवण्या मिळाल्यात. आता माझ्यावर कुणाचं देणं नाही.'

माझ्या कादंबरीतला बाप असता तर मी त्याला इथे रडवला असता, किंवा अभिमानाने त्याची छाती फुगवली असती. हे गृहस्थ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगं शहाणं झालं म्हणायचं, का परकं झालं म्हणायचं?"

मला उत्तर सुचले नाही. सुचले नाही याचे एक कारण असे, की त्या निरोपातला निम्मा दोष माझा होता. नववीच्या वर्गात 'स्वावलंबन' या विषयावर त्या मुलाकडून मीच निबंध लिहून घेतला होता, आणि दहापैकी नऊ गुण देऊन तो वर्गात वाचूनही दाखवला होता.

बारावीची परीक्षा संपल्यावर हा मुलगा घरी बसला नाही. आमच्याकडची बहुतेक मुले उन्हाळ्यात रांजणगावच्या कारखान्यांत पॅकिंगच्या कामाला जातात. याला तिथे जागा मिळाली नाही. तेव्हा न्हावऱ्यावरून चौफुल्याची गाडी धरून हा थेट केडगावच्या बाजूला गेला आणि एका गुऱ्हाळावर राहिला. दौंड तालुक्याचा तो भाग गुळासाठी नावाजलेला आहे. भीमेचे पाणी, ऊस, आणि रस्त्याने जाताना दुरूनच येणारा तो गोड-करपट वास. गुऱ्हाळे आपली असली तरी ती चालवणारे हात आता बहुतेक उत्तर प्रदेशातले असतात. या मुलाचा गुळव्या जौनपूरकडचा होता.

पहिले आठ दिवस त्याला फक्त चिपाडे वाळत घालण्याचे काम होते. ऊस चरकातून पिळून निघाला की उरते ते चिपाड. ते उन्हात पसरायचे, उलटायचे, वाळले की भारे करून चुलवणाशी आणून टाकायचे. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यांत चिपाडाची कुसळे गेली. नवव्या दिवशी त्याला चुलवणापाशी बसवले. वर काहिलीत रस उकळतो आहे, खाली हा जाळ सारतो आहे. जाळ कमी पडला तर रस थंडावतो, जास्त झाला तर गूळ काळा पडतो. भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. आणि शेवटी गुळव्या काहिलीतला थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी चाचपतो. त्याची गोळी झाली की ओरडतो, आणि दोघे-चौघे मिळून काहील वाफ्यात ओततात. दोन मिनिटे उशीर झाला तर सगळी काहील वाया.

"सर, त्याला घड्याळ लागत नाही. थर्मामीटर लागत नाही," मुलगा मला सांगत होता. "मी त्याला विचारलं, तुम्हाला कसं कळतं? तर म्हणाला, जळून जळून कळतं." शाळेच्या प्रयोगशाळेविषयी तो कधी इतक्या आदराने बोललेला मला आठवत नाही.

चाळीस दिवस, रोजचे ४५० रुपये. १८००० रुपये घेऊन तो परतला तेव्हा चालण्यात फरक पडला होता. बापाशी बोलताना मान वर होती. हा फरक वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्या घरात पैसा फक्त मागितला जातो, त्या घरात मुलाच्या पाठीला एक बाक येतो. तो बाक त्या चाळीस दिवसांत सरळ झाला. रेल्वेचे तिकीट, गादी, पुस्तके, पहिल्या महिन्याची खानावळ, हे सगळे त्याच्या पैशातून झाले. प्रवेशाचे आणि वसतिगृहाचे पैसे मात्र घरून गेले. "कांद्याचे आले होते," असे त्याला सांगण्यात आले.

"कांद्याचे नव्हते, सर." वडिलांनी मोबाइल खिशात ठेवला. "कांद्यात गाडीभाडंसुद्धा निघालं नाही यंदा. बायकांच्या बचत गटातनं तिच्या नावावर उचललेत. दर महिन्याला हप्ता चाललाय. पण त्याला बोलू नका. पोराचा हुरूप जाईल."

ते गेले, आणि तो प्रश्न माझ्याकडे ठेवून गेले. मुलाच्या मनातला स्वाभिमान खरा आहे, पण तो ज्या हिशेबावर उभा आहे तो खोटा आहे. अशा वेळी त्याला खरा हिशेब दाखवणे हे शिक्षकाचे काम, की आईबापांनी प्रेमाने रचलेली थाप राखणे?

आपल्याकडे परगावी शिकायला जाणाऱ्या मुलाच्या पोटाची सोय फार वेगवेगळ्या तऱ्हांनी झाली आहे. एक तऱ्हा वार लावून जेवण्याची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे सात वार आणि सात घरे. जुन्या पुण्यात अशा रीतीने शिकून पुढे मोठी झालेली माणसे कमी नाहीत. त्यात मिंधेपण होते, एखाद्या घरी ताटात शिळे पडत असेल. पण त्या विद्यार्थ्याला आपल्याला कोण जेवू घालते हे पुरते ठाऊक असे, सात उंबरठे त्याच्या पायांना पाठ असत. अर्थात ही सोय काही ठराविक जातींच्या मुलांसाठीच होती, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. ज्याच्यासाठी कोणताच उंबरठा उघडा नव्हता, त्याने काय करायचे?

भाऊराव पाटलांनी हाच प्रश्न घेतला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवायला बसवले, आणि त्या मुलांच्या हातात कुदळ-फावडे दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. स्वतः मॅट्रिकसुद्धा न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने १९५९ साली डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ते गेले. आज त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना काम देण्याची जी योजना आहे, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मीही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, म्हणून भाऊरावांविषयी मला जरा जास्तच जवळीक वाटते, हे कबूल करतो.

पण स्वावलंबनाच्या या सर्वांत मोठ्या कथेत एक प्रसंग आहे, जो मी वर्गात नेहमी सांगतो आणि ज्याचा अर्थ त्या रात्री मला नव्याने टोचला. वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. मुले राबत होती हे खरे. ती स्वतःच्या कष्टाची भाकरी खात होती हेही खरे. तरी एका दिवशीची भाकरी मंगळसूत्राची होती. ज्यांनी ती खाल्ली त्यांनी पुढे आयुष्यभर कोणत्या तोंडाने म्हणायचे, की आमच्यावर कुणाचे देणे नाही?

देणे कागदावर असले तर एक बरे असते. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि जाण्यापूर्वी त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. १९१७ साली ते तो पाळायला बडोद्यात आलेही. पण त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सोडून यावे लागले. तो करार कोणी मोडला, हे ज्याचे त्याने ठरवावे. घरच्या देण्याला मात्र कागद नसतो, मुदत नसते. मुलाला त्याची जी धास्ती वाटते ती यामुळेच. तीन हजार परत पाठवले की आपण मोकळे झालो, असे त्याला वाटावे हे मला समजू शकते. अण्णासाहेब कर्वे मुंबईत शिकवण्या करून शिकले, त्यांनी त्या कमाईचे काय केले? आपल्या गावासाठी १८८६ साली मुरूड फंड उभा करण्यात ते पुढे होते. त्यांचा पैसाही गावाकडेच गेला, पण तो हिशेब मिटवायला गेला नव्हता.

मला हे सगळे बोलायचा अधिकार किती, तेही सांगून टाकतो. मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात मी दौंड जंक्शनवर चहा विकला. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या तेव्हा दौंडला येऊन थांबत, इंजिन सुटे, दुसऱ्या टोकाला जाऊन लागे, आणि गाडी आल्या वाटेकडे तोंड करून निघे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा हा खोळंबा वाचला आहे. पण त्या खोळंब्यातच आमचा धंदा होई. मी दिल्लीला जाणाऱ्या, जम्मूला जाणाऱ्या पोरांना चहा दिला. माझ्याच वयाची पोरे, मांडीवर नवी बॅग. इंजिन बदलले की खिडकीतले ज्यांचे तोंड पुढे होते त्यांची पाठ पुढे होई, आणि ती गडबडून जागा बदलत. मी एकदाही गाडीत चढलो नाही. उन्हाळ्याची सगळी कमाई मी आईच्या हातात दिली, आणि तिने ती मोजली नाही, तशीच डब्यात टाकली. ती मोजली नाही याचा मला पुष्कळ वर्षे राग होता.

हे सगळे मनात घोळत असताना नवरात्रात मुलाचाच फोन आला. बापाने मला काही सांगितले असेल, याची त्याला कल्पना नव्हती. तो जौनपूरला जाऊन आला होता. गुळव्याचे गाव काशीपासून फार लांब नाही. गुळव्या इकडे केडगावला, आणि हा तिकडे त्याच्या घरी. गुळव्याच्या बायकोने त्याला पुऱ्या करून घातल्या, बाजेवर झोपायला जागा दिली. त्यांचा मुलगा दहावीला आहे. त्याची फी, त्याची सायकल, घरावरचे नवे पत्रे, सगळे दौंड तालुक्यातल्या काहिलीवरून येते.

"सर, निघताना मी त्या मावशींच्या हातावर ५०० रुपये ठेवले. जेवलो, राहिलो म्हणून. त्यांनी काय केलं, माहितीये? काहीच बोलल्या नाहीत. नोट माझ्या पिशवीत परत टाकली, आणि तोंड फिरवून आत गेल्या. मी चुकलो का?"

मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

तो बराच वेळ गप्प होता. मागे कुठल्याशा घाटावरची घंटा ऐकू येत होती. मग हळूच म्हणाला, "सर, एक विचारू? आमच्या कांद्याला यंदा भाव किती मिळाला होता हो?"

बापाला शब्द दिलेला होता. मी म्हणालो, "दिवाळीला येतोयस ना? घरी विचार. आणि दादांना नको विचारू, आईला विचार."

धनत्रयोदशीच्या पहाटे त्याची गाडी दौंडला येते. शिरूरहून एवढ्या पहाटे एस.टी. नाही, म्हणून त्याचे वडील शेजाऱ्याची जीप घेऊन जाणार आहेत. मलाही चला म्हणाले आहेत. आईही यायचे म्हणते आहे. गाडीत जागा होईल का, एवढीच त्यांना काळजी आहे.