दगड आणि आपण

जगात सर्वांत सभ्य कोण असेल तर दगड. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. न्यूटनने पहिल्याच नियमात त्याला अभय देऊन टाकलंय. बाहेरून असंतुलित बल लागत नाही तोवर, बापड्या, तू आहेस तिथेच राहा! आम्ही कॉमर्सवाले, बलाशी आमचा संबंध साहेबांनी टेबलावर मूठ आपटण्यापुरता. पण जडत्व आम्हाला शिकवावं लागत नाही. टेबलावरची फाइल हे त्याचं चालतं-बोलतं... नव्हे, न चालतं उदाहरण.

प्रश्न असा की, माणूस जेव्हा म्हणतो, ‘‘मी कुठे काय केलं हो? मी आपला गप्प बसून होतो,’’ तेव्हा त्यालाही दगडाची ही सवलत द्यायची का?

महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो की हा प्रश्न मला हमखास छळतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर. म्हणजे चेक पास झाला, पण पैसे द्यायच्या खिडकीपाशी कोणी फिरकू देईना. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. तीन वर्षं घागर जागची हलली नाही. ठरावाचं कार्य शून्य.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तिसरा नियम सांगतो, प्रतिक्रिया क्रियेएवढीच. ओंजळीएवढ्या क्रियेला महाडात काय आलं? लाठ्या, त्याही जेवायला बसलेल्या माणसांवर. मग शेण-गोमूत्र घालून १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’. आणि ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीखसुद्धा बोले यांच्या ठरावाचीच! असा ताळेबंद आमच्याकडे कोणी मांडला तर त्याचं इन्क्रिमेंट थांबेल.

नववीतल्या आमच्या कन्येने यावर प्रकाश टाकला. ‘‘बाबा, वस्तू हलत नाही म्हणजे बल नसतंच असं नाही. रस्सीखेचीत दोन्हीकडून सारखा जोर असला तरी दोर हलत नाही.’’ त्या तीन वर्षांच्या शांततेचा उलगडा झाला. दगडाला जागेवर ठेवायला लाठ्या लागत नाहीत. ते जडत्व नव्हतंच. कोणीतरी दोर घट्ट धरून होतं. मग घरात गप्प बसलेले? त्यांचे हात दोराला नव्हते, हे कबूल. पण ताणलेला दोर त्यांना रोज दिसत होता, आणि तळ्याचं पाणीही रोज घरी येत होतं. दगडाला जागेवर बसून राहण्याचं असं काही मिळत नाही.

‘पूर्वापार चालत आलंय’ हा युक्तिवादही पुढे हायकोर्टापर्यंत गेला. वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. एवढ्या मुदतीत आमच्याकडे ठेव जवळजवळ दुप्पट होते.