रस्त्यावरची पाचवी आज्ञा



नोव्हेंबर महिना आपण आपल्या परलोकवासी प्रियजनांसाठी राखून ठेवतो. दोन तारखेला दफनभूमीत जातो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. याच महिन्यातला तिसरा रविवार रस्ता अपघातात बळी पडलेल्यांचा स्मरणदिन म्हणून जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली त्याला मान्यता दिली. म्हणून आज आपण एका अशा गोष्टीचा विचार करू या, जी आपल्या दारातच आहे, पण प्रार्थनेत क्वचितच येते.

आपले ओझर मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. १९६४ साली इथे विमानांचा कारखाना सुरू झाला. आपल्यातील कित्येकांच्या वडिलांनी सायकलवरूनच ड्यूटी केली. आज तोच रस्ता रुंद झाला आहे. दहाव्या मैलापासून पिंपळगावपर्यंत ट्रक, बस, मोटारी, द्राक्षांचे आणि कांद्याचे ट्रॅक्टर धावत असतात. आणि त्याच रस्त्याच्या कडेला उभे असते दप्तर पाठीला लावलेले पोर, हातात पिशवी घेतलेली आजी, सायकल हातात धरून वाट पाहणारा मजूर. त्यांना फक्त पलीकडे जायचे असते.

या ठिकाणी जबाबदारी कोणाची? अपघात झाला की आपण लगेच म्हणतो, “तो मध्येच आला.” किंवा म्हणतो, “गाडीवाला बेफाम होता.” प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे. काइनानेही देवाला उलट प्रश्न केला होता की, भावाची राखण करणे हे माझे काम आहे काय. तो प्रश्न आजही चौफुलीवर उभा आहे.

पवित्र शास्त्रात अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा करा. कोणी तिथून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येईल. पाहा, पडणाऱ्यानेही जपून चालायला हवे होते, हे खरे. तरी देव आधी घरमालकाला विचारतो. ज्याच्या हाती बळ आहे, ज्याच्यामुळे धोका निर्माण होतो, त्याने आधी काळजी घ्यायची. हाच न्याय रस्त्यावर लावला, तर पायी चालणाऱ्यापुढे सायकलस्वाराने, सायकलस्वारापुढे मोटारसायकलवाल्याने आणि या सर्वांपुढे मोटार व ट्रक चालवणाऱ्याने आपला कठडा बांधला पाहिजे. आपला ब्रेक हाच तो कठडा.

ख्रिस्तसभेनेही हे स्पष्ट सांगितले आहे. जून २००७ मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. पहिली आज्ञा जीव न घेण्याची. पुढे सांगितले आहे की वाहन हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये आणि रस्त्यावर जो अधिक दुर्बल आहे त्याचे रक्षण करावे. दारू पिऊन किंवा वेगाच्या नादात स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे आपला धर्मशिक्षणग्रंथही शिकवतो.

आता आपण स्वतःला विचारू या. प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपण राग सांगतो, खोटे बोलणे सांगतो, चुकलेली मिस्सा सांगतो. पण “फादर, मी शाळेसमोरून भरधाव गाडी नेली,” असे आपल्यातील कितीजण सांगतात? पाचवी आज्ञा आपण कधीच मोडली नाही असे आपल्याला वाटते, कारण आपण हाती शस्त्र घेतलेले नाही. पण ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. मोबाइलकडे एकदा नजर टाकली, तेवढ्यात हे अंतर संपते. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. यांपैकी बहुतेकांना मारण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. हेतू नसतानाही माणूस जातो, म्हणूनच काळजी घेणे हा प्रीतीचा भाग आहे.

कायदाही याच बाजूने आहे. वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. दहावी पास झाला म्हणून मुलाच्या हाती बाइकची किल्ली देणाऱ्या आईवडिलांनी हे कौतुक आहे की संकट, याचा विचार करावा. त्याच दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. चांगल्या शोमरोन्याला आज पोलिसांच्या फेऱ्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी बाजूने निघून गेले. आपण तरी थांबू या.

म्हणून पायी चालणारे व सायकलस्वार मोकळे सुटत नाहीत. आपला जीवही देवाचीच ठेव आहे. दुभाजक ओलांडून उडी मारणे, उलट्या दिशेने सायकल नेणे, अंधारात दिव्याविना निघणे, हे त्या ठेवीची हेळसांड करणे होय. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे. आपल्या मुलांनीही सायकल जरूर चालवावी. पण मागे लाल रिफ्लेक्टर आणि डोक्यावर हेल्मेट असू द्यावे.

या आठवड्यासाठी आपण तीन लहान संकल्प करू या. मिस्साला पाच मिनिटे आधी निघू, म्हणजे देवाच्या घरी येताना कोणाला धडकी भरणार नाही. रस्ता ओलांडू पाहणारा दिसला की गाडी थांबवू आणि हाताने त्याला जाण्याची खूण करू. आणि शेजारच्या एका वृद्धाला किंवा मुलाला हात धरून पलीकडे नेऊ. जिथे झेब्रा पट्टे पुसले गेले आहेत किंवा दिवे बंद आहेत, तिथे आपल्या समूहाने मिळून अर्ज द्यावा. तोही कठडा बांधण्याचाच भाग आहे.

हे प्रभू येशू, अम्माऊसच्या वाटेवर तू शिष्यांच्या पावलाला पाऊल लावून चाललास. आमच्या रस्त्यावर जे गेले त्यांना चिरविश्रांती दे, त्यांच्या घरच्यांना धीर दे, आणि आमचे पाय, आमचे हात व आमची घाई तुझ्या ताब्यात घे. आमेन.